दोन डेटा सेंटर, एकाचीच चाचणी: टीएसबी बँकेचं मायग्रेशन आणि सीआयओची जबाबदारी

२० एप्रिल २०१८, शुक्रवार. दुपारी चार वाजता ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेनं आपल्या अनेक सेवा ठरल्याप्रमाणे बंद केल्या. रविवारी संध्याकाळी सहाला त्या पुन्हा सुरू व्हायच्या होत्या. मधल्या पन्नास तासांत ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर न्यायची होती, म्हणजे मायग्रेशन करायचं होतं. एक अब्जाहून अधिक नोंदी हलवायच्या होत्या, आणि त्या हलल्याही. ब्रिटनच्या वित्त नियामकांनी पुढे चौकशीनंतर स्पष्ट लिहिलं की डेटाचं स्थलांतर यशस्वी झालं होतं.

तरीही रविवारी रात्रीपासून बँक कोलमडली. लॉगिन होईना, झालं तरी पान उघडेना, काहींना दुसऱ्याच कुणाची खाती दिसू लागली. शाखांतले संगणक अडखळले आणि फोनच्या रांगा लांबल्या. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. कामकाज पूर्ण सुरळीत व्हायला डिसेंबर २०१८ उजाडला.

डेटा नीट पोहोचला आणि बँक मात्र चालली नाही, म्हणून हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. आयटी प्रमुखासमोरच्या, म्हणजे सीआयओसमोरच्या, अडचणींची यादी करायला बसलो की सायबर सुरक्षा, जुन्या प्रणाली, मनुष्यबळ, बजेट ही नावं लगेच पुढे येतात. ती खरी आहेत. पण मोठ्या प्रकल्पात आयटी प्रमुखाला सर्वांत जड जाणारं काम वेगळं असतं. ‘तयारी आहे’ असं त्याला दहा ठिकाणांहून सांगितलं जातं आणि त्यातलं किती सिद्ध झालंय, किती नुसतं अपेक्षित आहे, हे त्याला एकट्याला निवडून काढावं लागतं. टीएसबीत नेमकी ही निवड राहून गेली.

घर बदलण्याची सक्ती

२००८ च्या आर्थिक संकटात लॉइड्स समूहाला सरकारी मदत मिळाली. त्या मदतीच्या बदल्यात युरोपीय आयोगानं समूहाला आपला एक हिस्सा वेगळा काढायला लावला. सप्टेंबर २०१३ मध्ये टीएसबी स्वतंत्र बँक म्हणून उभी राहिली, २०१४ मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल समूहानं ती सुमारे १.७ अब्ज पौंडांना विकत घेतली.

बँक वेगळी झाली तरी तिचा संगणकीय संसार लॉइड्सकडेच होता. एका करारानुसार टीएसबी दरवर्षी मोठी फी भरून आपल्याच प्रतिस्पर्ध्याची प्रणाली वापरत होती. असं फार काळ चालत नाही. नवं उत्पादन आणायचं तर दुसऱ्याच्या वेळापत्रकात जागा मागावी लागते, आणि आपला खर्च दुसऱ्याच्या हातात राहतो. तिथून बाहेर पडण्याचा निर्णय योग्यच होता. बाहेर पडण्याच्या खर्चासाठी लॉइड्सकडून ४५ कोटी पौंड मिळणार होते.

सबादेलकडे प्रोटिओ नावाची स्वतःची प्रणाली होती. तिची ब्रिटनसाठीची आवृत्ती, प्रोटिओफोरयूके, तयार करून टीएसबीला तिच्यावर आणायचं ठरलं. काम दिलं साबिस या कंपनीला. साबिस ही सबादेलचीच आयटी कंपनी. प्रणाली बांधायची तिनं, तपासायची तिनं आणि नंतर चालवायचीही तिनंच.

‘स्पेनमध्ये चालत असलेली प्रणाली आहे, ब्रिटनसाठी थोडे बदल करू’ असं सुरुवातीला वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ब्रिटनची पेमेंट व्यवस्था, उत्पादनं आणि नियम सांभाळायचे तर बराचसा भाग नव्यानं लिहावा लागला. नाव जुनं असलं तरी हाती आलेली प्रणाली जवळपास नवी होती. ‘सिद्ध झालेली प्रणाली’ हे शब्द प्रस्तावात आले की आयटी प्रमुखानं लगेच मोजायला घ्यावं: जसे आहेत तसे वापरायचे घटक किती, बदलायचे किती, नवे लिहायचे किती? मोजायचं ते इंटरफेस आणि मॉड्यूलच्या पातळीवर, आणि आकडा लेखी घ्यायचा. बदललेले आणि नवे घटक मिळून निम्म्यावर गेले तर प्रकल्पाला ‘अपग्रेड’ न म्हणता ‘नवी बांधणी’ म्हणायचं. चाचणीचा काळ, बजेट, धोक्यांची नोंदवही, सगळंच त्या एका शब्दानं बदलतं.

व्हेंडर घरातलाच असतो तेव्हा

टीएसबीच्या सीआयओची जागा अवघड होती. साबिस त्याची पुरवठादार, आणि साबिसची मालक तीच टीएसबीचीही मालक. बाहेरचा व्हेंडर उशीर करू लागला तर करार उघडता येतो, पैसे अडवता येतात, दुसरा व्हेंडर शोधण्याची भाषा करता येते. भावंड कंपनीशी हे सगळं कागदावरच राहतं. शिवाय ‘ते आपलेच आहेत, लपवतील कशाला?’ हा भरवसा आपोआप तयार होतो. माणसं प्रामाणिक असतात, पण साबिसच्या व्यवस्थापकालाही आपल्या खालच्यांकडून आलेलं आश्वासनच वर पाठवायचं असतं.

खालची साखळी लांब होती. साबिस ८५ बाहेरच्या पुरवठादारांवर अवलंबून होती. टीएसबीच्या बाजूनं पाहिलं तर हे पुरवठादारांचे पुरवठादार. ब्रिटनमधल्या एवढ्या पुरवठादारांकडून सेवा चालवून घेण्याचा साबिसला अनुभव नव्हता, आणि हे काम तिच्यावर सोपवताना व पुढेही तिच्या क्षमतेची पुरेशी तपासणी झाली नाही, हा नियामकांच्या निष्कर्षांतला महत्त्वाचा भाग आहे. साबिसनं सबादेलची आयटी सांभाळली होती. पण स्वतःच्या समूहासाठी प्रणाली चालवणं वेगळं आणि दुसऱ्या देशातल्या बँकेसाठी डझनावारी कंपन्यांना एका तालात चालवणं वेगळं. दोन्हींना ‘आयटी सेवा’ असंच नाव आहे म्हणून फसगत होते.

अशा ठिकाणी एक साधा तक्ता उपयोगी पडतो. ग्राहकाला दिसणारी एक सेवा घ्यायची, उदाहरणार्थ मोबाइलवरून पैसे पाठवणं. लॉगिनपासून पावतीपर्यंत ती विनंती कुठून कुठून जाते ते क्रमानं लिहायचं: अॅप, नेटवर्क, लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणारा), ओळख पडताळणी, मिडलवेअर (प्रणालींना जोडणारा मधला थर), मुख्य खातेवही, फसवणूक तपासणी, पेमेंट गेटवे, एसएमएस. प्रत्येक पायरीसमोर चार रकाने: ही पायरी कोण चालवतं, रात्री दोनला फोन कुणाला करायचा, त्यांच्याशी थेट करार आहे का, आणि त्यांनी शेवटची पूर्ण भाराची चाचणी कधी केली. दहा मुख्य सेवांसाठी हा तक्ता भरायला दोन माणसांना साधारण दोन-तीन आठवडे लागतात. रिकामे राहणारे रकाने बहुतेक वेळा तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभातले असतात, आणि पुढे बिघाड झाला की तो तिथेच सापडतो. युरोपीय संघात १७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘डोरा’ नियमांनी वित्तसंस्थांना अशी पुरवठादारांची नोंदवही ठेवणं बंधनकारक केलंय. कायदा नसेल तिथेही ती हवीच.

शेवटाकडून सुरुवातीकडे आखलेला आराखडा

मूळ बेत नोव्हेंबर २०१७ मध्ये मायग्रेशन करण्याचा होता. सप्टेंबर २०१७ मध्ये तो पुढे ढकलून २०१८ ची पहिली तिमाही गाठायचं ठरलं. बँकेच्या बोर्डानं नेमलेल्या स्लॉटर अँड मे या कायदा संस्थेनं नोव्हेंबर २०१९ मध्ये सविस्तर अहवाल दिला, त्यात या नियोजनावर बरंच लिहिलं आहे. आधी शेवटची तारीख धरली गेली आणि कामं तिच्यात बसवली गेली. काही कामं सात महिन्यांपर्यंत मागे असताना पहिल्या तिमाहीत तयारी पूर्ण होईल असं कशाच्या आधारावर म्हणायचं, हा प्रश्न बोर्डानं विचारायला हवा होता, असं अहवाल म्हणतो.

तारीख आधी ठरणं ही बहुतेक आयटी प्रमुखांची रोजची स्थिती आहे. करार संपतो, परवाना संपतो, जुन्या सर्व्हरचा सपोर्ट संपतो. तारखेला विरोध करून भागत नाही. पण नवी तारीख देताना पहिल्या वेळी उशीर का झाला याचा हिशेब मांडलाच पाहिजे. तो हिशेब असा दिसतो: मागच्या तीन महिन्यांत १२० कामं पूर्ण व्हायची होती, ७८ झाली. म्हणजे प्रत्यक्ष वेग ठरलेल्याच्या ६५ टक्के. उरलेली २०० कामं ठरलेल्या वेगानं, महिन्याला ४० प्रमाणे, पाच महिन्यांत होतील. प्रत्यक्ष वेगानं, महिन्याला २६ प्रमाणे, पावणेआठ महिने लागतील. नव्या आराखड्यात पाच महिने लिहिले असतील तर वेग कशामुळे वाढणार ते लिहावं लागेल. माणसं वाढणार का? व्याप्ती कमी होणार का? यातलं काही नसेल तर आराखडा नवा नाही, त्यावरची तारीख तेवढी नवी आहे.

वेळ कमी पडला की दुसरं एक हमखास घडतं. एकामागोमाग व्हायची कामं शेजारी शेजारी सुरू होतात, आणि टीएसबीतही तसं झालं. बांधणी चालू असतानाच चाचणी सुरू होते, कार्यात्मक चाचणीतले दोष उघडे असतानाच भाराची चाचणी होते. मग भाराच्या चाचणीत दिसलेला संथपणा कोडमधल्या दोषामुळे आहे की सर्व्हर कमी पडतोय म्हणून, हे सांगता येत नाही. सोमवारी मोजलेला आकडा गुरुवारी नवं बिल्ड (प्रणालीची नवी आवृत्ती) आलं की बाद होतो. चाचणी झाली अशी नोंद राहते, पण ती आज चालू असलेल्या प्रणालीची नसते.

सगळं एकाच वेळी

टीएसबीनं बहुतांश ग्राहक एकाच शनिवार-रविवारी हलवले. त्याला कारणं असतात आणि ती वजनदार असतात. टप्प्याटप्प्यानं जायचं तर काही महिने दोन प्रणाली शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. आलेलं पेमेंट कुठल्या प्रणालीकडे वळवायचं ते ठरवणारा थर बांधावा लागतो. रोज रात्री दोन्ही खातेवह्यांचा मेळ घालावा लागतो. काम संपलं की हा सगळा खर्च टाकून द्यायचा असतो, म्हणून वित्त विभाग त्यावर पहिली लाल रेघ मारतो.

पण त्या खर्चातून काय मिळतं तेही सांगितलं पाहिजे. ५२ लाखांपैकी एक टक्का म्हणजे ५२ हजार माणसं. पहिल्या लाटेत तेवढीच हलवली आणि सगळी अडली, तरी ५२ हजारांना फोन करता येतो, शाखेत बोलावता येतं, गरज पडली तर परतही नेता येतं. दुसरी लाट पाच टक्क्यांची, तिसरी पंधरा. प्रत्येक लाटेनंतर किमान एक महिनाअखेर जाऊ द्यायची, कारण पगार, हप्ते आणि स्थायी आदेश एकत्र येतात तेव्हाच बॅच प्रक्रियेची (अनेक व्यवहार एकत्र उरकण्याची) खरी परीक्षा होते. टीएसबीत नवी प्रणाली आणि एकाच घासात मायग्रेशन या दोन जोखमी एकत्र आल्या. एक वेळ यातली एखादी पत्करता येते. दोन्ही एकदम पत्करायच्या असतील तर चाचणीत तडजोडीला जागाच उरत नाही.

दोन डेटा सेंटर

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. टीएसबीची नवी प्रणाली दोन डेटा सेंटरवर ‘अॅक्टिव्ह-अॅक्टिव्ह’ पद्धतीनं चालणार होती. म्हणजे एक चालू आणि दुसरं राखीव असं नसून दोन्हीकडे एकाच वेळी ग्राहकांचा भार जाणार. भाराची आणि क्षमतेची चाचणी मात्र दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर झाली. दोन्ही सारखी मांडलेली असायला हवी होती, पण तशी नव्हती. हे मायग्रेशननंतर, ग्राहक आत आल्यावर उघड झालं.

‘दोन्ही सारखीच आहेत, मग एकाची तपासली तर दुसऱ्याची तपासल्यासारखंच’ हे बैठकीत पटतं. दोन डेटा सेंटर कागदावर सारखी असतात. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या आठवड्यांत उभी राहतात. उदाहरणार्थ, डेटाबेसच्या कनेक्शन पूलची (एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या जोडण्यांची) मर्यादा एकीकडे ५०० आणि दुसरीकडे १००. एकीकडे टाइमआउट ३० सेकंद, दुसरीकडे डिफॉल्ट तसाच. फायरवॉलचा एक नियम चाचणीच्या वेळी हातानं घातला, दुसरीकडे राहिला. लोड बॅलन्सरवर एका ग्राहकाचं सत्र एकाच सर्व्हरशी बांधून ठेवण्याची सेटिंग वेगळी, मग अर्धी विनंती इकडे आणि अर्धी तिकडे. एकेकटा पाहिला तर यातला प्रत्येक फरक पाच मिनिटांचं काम आहे. भार असताना तो कुठे आहे हे शोधायला दिवस जातात, कारण निम्म्या ग्राहकांचं काम होतं, निम्म्यांचं होत नाही, आणि तोच ग्राहक पुन्हा आला की त्याचं होतं.

भाराचा अंदाजही वेगळ्या पद्धतीनं बांधावा लागतो. समजा, पन्नास तास बंद असलेली सेवा सुरू होते आणि पहिल्या तासात पाच लाख लोक येतात. सरासरी काढली तर सेकंदाला १३९ लॉगिन. पण लोक सरासरीनं येत नाहीत. त्यातले एक तृतीयांश पहिल्या दहा मिनिटांत आले तर सेकंदाला २७८. प्रत्येक लॉगिनमागे अॅप आतल्या आठ सेवांना हाक मारत असेल तर सेकंदाला सव्वादोन हजार हाका. उत्तर एका सेकंदात मिळत असेल तर एका वेळी २७८ लॉगिन प्रणालीच्या पोटात असतात. तेच उत्तर वीस सेकंदांवर गेलं की साडेपाच हजार. कनेक्शन पूल तिथेच संपतो. माणूस वीस सेकंद थांबत नाही, अॅप बंद करून पुन्हा उघडतो. प्रत्येकानं तीनदा प्रयत्न केला तर सेकंदाला ८३४ लॉगिन येऊ लागतात. संथ झालेली प्रणाली असा स्वतःवरचा भार वाढवत जाते, आणि म्हणूनच ‘नेहमीच्या गर्दीच्या दिवसाचा आकडा अधिक वीस टक्के’ ही चाचणी मायग्रेशनच्या सकाळी उपयोगाची नसते.

अॅक्टिव्ह-अॅक्टिव्ह मांडणीची चाचणी कुठल्या क्रमानं घ्यावी? आधी दोन्ही केंद्रांच्या सेटिंगची यंत्रानं तुलना करायची आणि प्रत्येक फरकाला लेखी कारण लावायचं; कारण नसलेला एकही फरक शिल्लक असेल तर पुढे जायचं नाही. मग पूर्ण अपेक्षित भार एकट्या पहिल्या केंद्रावर, नंतर तेवढाच एकट्या दुसऱ्यावर, कारण एक पडलं तर दुसऱ्यानं पूर्ण ओझं उचलणं हाच या मांडणीचा हेतू आहे. त्यानंतर दोन्हींवर वाटून, दीडपट भार. तो चालू असतानाच एक केंद्र तोडायचं आणि किती विनंत्या बुडाल्या ते मोजायचं. तोडलेलं केंद्र परत जोडताना अनेकदा नवा गोंधळ होतो, तोही बघायचा. शेवटी ४८ ते ७२ तासांची सलग चाचणी, रात्रीच्या बॅचसकट. मेमरी हळूहळू गळत असेल किंवा लॉगनं डिस्क भरत असेल तर ते दोन तासांच्या चाचणीत कधीच दिसत नाही.

याला साधारण तीन ते चार आठवडे लागतात आणि खऱ्या प्रणालीएवढं चाचणी-वातावरण लागतं. खर्च टाळण्यासाठी ते निम्म्या आकाराचं बांधतात आणि निकाल दुपटीनं वाढवून लिहितात. असा गुणाकार करता येत नाही. सर्व्हर दुप्पट झाले म्हणून डेटाबेसमधलं एकच कुलूप दुप्पट वेगानं उघडत नाही.

बिघाडानंतर बोलावलेल्या आयबीएमच्या चमूनं एप्रिल २०१८ च्या अखेरीस प्राथमिक निरीक्षणं दिली, ती नंतर ब्रिटिश संसदेच्या समितीनं प्रसिद्ध केली. गो-लाइव्हसाठी (प्रणाली ग्राहकांसाठी प्रत्यक्ष सुरू करण्यासाठी) काटेकोर निकष लावल्याचा पुरावा दिसला नाही, आणि कामगिरीच्या चाचणीतून क्षमतेचा आवश्यक पुरावा मिळालेला नव्हता, असं त्यांत होतं.

एकाच केंद्राची चाचणी झाल्याचं बोर्डाला ठाऊक नव्हतं. चाचणीचा एखादा भाग गाळण्याचा निर्णय तांत्रिक चमूत होतो, अनेकदा प्रामाणिक कारणानं होतो, आणि वर जाताना ‘क्षमता चाचणी: पूर्ण’ एवढाच हिरवा चौकोन उरतो. म्हणून आयटी प्रमुखाच्या अहवालात ‘काय तपासलं’ याच्या शेजारी ‘काय तपासलं नाही’ हा रकाना हवा. त्यात गाळलेली प्रत्येक चाचणी, ती कुणी गाळली, आणि ते धोक्याचं ठरलं तर ग्राहकाला काय दिसेल, हे साध्या भाषेत. हा रकाना कोरा असेल तर अहवाल परत पाठवावा, कारण कुठल्याही मोठ्या प्रकल्पात तो कोरा असूच शकत नाही.

पत्रातलं क्रियापद

गो-लाइव्हच्या आधी साबिसनं टीएसबीला तयारीचं लेखी आश्वासन दिलं. बँकिंग नियामक पीआरएनं नंतर या आश्वासनावर नेमकं बोट ठेवलं: साबिसच्या स्वतःच्या पुरवठादारांच्या तयारीबद्दलची विधानं भविष्याकडे बघणारी होती. तयारी झाल्याचं त्यांत नव्हतं. ती होईल अशी अपेक्षा आणि सदिच्छा होती. सीआयओनं त्यांवर पुरेशी खातरजमा मागायला हवी होती.

दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहू.

‘आमच्या भागीदारांकडून मिळालेल्या माहितीनुसार गो-लाइव्हच्या दिवशी अपेक्षित भार पेलण्यास प्रणाली सज्ज असेल.’

‘अमुक तारखेला, अमुक क्रमांकाच्या बिल्डवर, दोन्ही डेटा सेंटरवर स्वतंत्रपणे, सेकंदाला ३०० लॉगिनचा भार चार तास दिला. ९५ टक्के विनंत्यांना दोन सेकंदांच्या आत उत्तर मिळालं. ११ दोष शिल्लक आहेत, यादी सोबत. त्यानंतर बिल्ड बदललेलं नाही.’

पहिलं वाक्य वकिलाला चालेल, व्हेंडरला चालेल, फाइललाही चालेल. त्यातलं क्रियापद ‘असेल’ आहे. दुसऱ्या वाक्यावर सही करणारा माणूस रात्री नीट विचार करूनच सही करतो, आणि हीच त्या पत्राची उपयुक्तता. पुरवठादाराच्या पत्रावर पेन्सिल घेऊन बसावं आणि प्रत्येक ‘असेल’, ‘होईल’, ‘अपेक्षित आहे’, ‘प्रयत्नशील आहोत’ खाली रेघ मारावी. रेघ मारलेल्या प्रत्येक विधानासाठी एक तर पुरावा मागवायचा, नाही तर ते धोक्याच्या नोंदवहीत आपल्या नावावर लिहायचं. ८५ पुरवठादार असतील तर सगळ्यांचं असं वाचन शक्य नाही. पण ज्यांच्याविना ग्राहकाला लॉगिन करता येणार नाही, पैसे पाठवता येणार नाहीत, अशांची पत्रं तरी आयटी प्रमुखानं स्वतः वाचावीत. हे काम प्रकल्प कार्यालयाकडे सोपवलं की तिथे पत्र ‘आलं’ की ‘नाही आलं’ एवढीच खूण होते.

‘परत फिरण्याची’ अटही याच कागदात लिहिलेली असावी. कटओव्हरमध्ये (जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर प्रत्यक्ष जाताना) एक क्षण असा येतो की त्यानंतर ग्राहकांचे नवे व्यवहार नव्या खातेवहीत पडू लागतात. तिथून मागे जायचं तर ते व्यवहार उलट दिशेनं जुन्या प्रणालीत घालावे लागतात, आणि त्यासाठीची साधनं सहसा कुणी बांधलेली नसतात. म्हणून तो क्षण घड्याळातल्या वेळेसकट ठरवायचा. त्याआधी बघायचे पाच-सहा आकडे ठरवायचे, आणि त्यातला एक जरी हुकला तर थांबवण्याचा अधिकार एका नावाला द्यायचा. समितीला दिला तर पहाटे चार वाजता समिती पुढे जाण्याच्याच बाजूनं बोलते, कारण सगळे दोन दिवस जागे असतात आणि थांबण्याचं कारण सांगायची पाळी आपल्यावर येऊ नये असं प्रत्येकाला वाटत असतं.

बिघाडानंतरचे आठवडे

डिजिटल सेवा पडली की लोक फोन उचलतात आणि शाखेत जातात. टीएसबीत हे तिन्ही मार्ग एकाच नव्या प्रणालीवर होते, त्यामुळे फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्यालाही खातं दिसेलच याची खात्री नव्हती. कॉल सेंटरचं गणित आधी केलं तर हे किती लवकर हाताबाहेर जातं ते कळतं. दिवसाला ५० हजार जास्तीचे कॉल, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे ८,३०० तासांहून अधिक बोलणं. एक कर्मचारी दिवसात सहा तास प्रत्यक्ष फोनवर असतो असं धरलं तर त्या एका दिवसासाठी सुमारे १,४०० जास्तीची माणसं हवीत. ती सोमवारी सकाळी शोधून सापडत नाहीत. प्रशिक्षण दिलेली राखीव माणसं, प्रणाली बंद असताना वापरायची कागदी पद्धत, आणि तातडीची रोख रक्कम कुणाला व कशाच्या आधारावर द्यायची याचे नियम, हे कटओव्हरच्या महिनाभर आधी तयार असावे लागतात.

गोंधळ दिसला की भामटेही येतात. ‘बँकेकडून बोलतोय, तुमचं खातं सुरू करून देतो’ म्हणणारे फोन आणि संदेश वाढतात. टीएसबीच्या काही ग्राहकांचे पैसे असे गेले. त्याच वेळी खरी बँकही ग्राहकांना फोन करत असते, त्यामुळे खरा फोन ओळखायचा कसा हे ग्राहकाला आधीच एका वाक्यात सांगून ठेवावं लागतं.

हिशेब

२०१८ मध्ये टीएसबीला मायग्रेशननंतरच्या बिघाडापोटी सुमारे ३३ कोटी पौंडांचा भुर्दंड पडला, सुमारे ८० हजार ग्राहक बँक सोडून गेले, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर सप्टेंबरमध्ये पायउतार झाले. पहिल्या वर्षभरात सव्वादोन लाखांच्या आसपास तक्रारी आल्या आणि ग्राहकांना ३.२७ कोटी पौंडांची भरपाई द्यावी लागली. डिसेंबर २०२२ मध्ये एफसीए आणि पीआरए या दोन नियामकांनी मिळून बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला.

एप्रिल २०२३ मध्ये पीआरएनं तेव्हाचे सीआयओ कार्लोस अबार्का यांना व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड केला. प्रकरण लवकर मिटवण्याला संमती दिल्यानं तीस टक्के सूट मिळाली होती, नाही तर रक्कम १,१६,६०० पौंड झाली असती. बाहेर दिलेल्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी वाजवी पावलं उचलली नाहीत, हा ठपका होता. जे काम दुसऱ्या कंपनीनं करायचं होतं, त्याची खात्री करून घेण्याची जबाबदारी त्या एका खुर्चीवर होती.

टीएसबीनं पुढे २०१९ मध्ये आयटीचा कारभार साबिसकडून स्वतःच्या हाती घ्यायचं जाहीर केलं आणि त्यासाठी आयबीएमशी करार केला. प्रणाली तीच राहिली. पुरवठादारांशी थेट बोलण्याचा अधिकार तेवढा बँकेकडे आला.